लाल पांडाचं गणगोत

लाल पांडा म्हणजे काळ्या-पांढऱ्या पांडाची छोटी आवृत्ती, असं पुष्कळांना वाटतं. मोठा पांडा हे चक्क अस्वल आहे. लाल पांडा आयल्युरिडी नावाच्या वेगळ्याच कुळातला, आणि त्या कुळात आज तो एकटाच उरलाय. सिक्कीमचा हा राज्यप्राणी बांबूच्या पानांवर जगतो, म्हणून त्याचे पुरातन भाऊबंदही हिमालयातले, गुबगुबीत आणि बांबूखाऊ असणार, असं आपण गृहीत धरतो. जीवाश्म मात्र वेगळंच सांगतात.

माद्रिदजवळच्या बातायोनेस टेकडीत सुमारे ९० लाख वर्षांपूर्वी एक गुहा होती. आत उतरलेल्या प्राण्याला वर यायला वाट नसे. तिथे सापडलेली बहुतेक हाडं मांसाहारी प्राण्यांची आहेत आणि त्यांतच आहे सिमोसायन. आकाराने प्यूमाएवढा, मांस खाणारा, आणि तरीही लाल पांडाचा सगोत्र! त्याच्या पुढच्या पंजाची हाडं नीट पाहिली तर मनगटापाशी एक छोटं हाड वाढलेलं दिसतं. हाच तो पांडांचा प्रसिद्ध ‘खोटा अंगठा’. बांबूची काडी धरण्यासाठी तो घडला, हे आपण ऐकत आलो. पण सिमोसायनला बांबूशी काय देणंघेणं? स्पॅनिश संशोधकांनी २००६ साली मांडलं, की हा अंगठा बारीक फांद्या पकडून चढण्यासाठी असावा. त्याच रानात सुळेदंती मार्जारं फिरत होती, तेव्हा झाडावर पळता येणं म्हणजे जीव वाचणं. या कुळात अंगठा आधी आला, बांबू मागाहून. मोठ्या पांडाचा खोटा अंगठा स्वतंत्रपणे विकसित झाला, त्याचा याच्याशी संबंध नाही.

हिमालयाचं म्हणाल, तर पॅरायल्युरस हा आणखी एक नातलग इंग्लंडपासून जपानपर्यंत पसरला होता. त्याचा एक दात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातही मिळाला. टेनेसीत २००० साली रस्त्याचं काम चालू असताना ग्रे गावाजवळ जीवाश्मांचा साठा उघडा पडला. तिथल्या प्रिस्टिनायल्युरस ब्रिस्टोलीचं वर्णन २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. हा आजच्या लाल पांडापेक्षा अंगाने मोठा होता, पण बांबू चावण्यासाठी लागणारे खास दात त्याच्याकडे नव्हते.

यांना सरसकट ‘लाल पांडाचे पूर्वज’ म्हणण्याची चूक मात्र टाळावी. सिमोसायन किंवा टेनेसीचा हा प्राणी त्याचे आजोबा-पणजोबा नव्हेत. फार तर चुलत आजोबा म्हणा, ज्यांचा वंश पुढे चाललाच नाही.