‘काही होत नाही’ असं सांगू नका

2022 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडीत गोवराने लहान मुलांचे जीव घेतले. त्याच साथीत आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचंही नाव आलं. सायखेड्यातल्या कित्येक घरांच्या सोयरिकी मालेगावात आहेत, त्यामुळे ती बातमी इथे परक्या गावची वाटली नाही. आजारी पडलेल्या बऱ्याच मुलांना लस मिळालेलीच नव्हती.

लस फुकट मिळते, आशाताई दारापर्यंत येतात. मग अडतं कुठे? आम्हा शिक्षकांचं रोजचं काम पालकांशी बोलण्याचं. आमचं मत असं की पुष्कळदा अडतं ते बोलण्यातच.

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे ‘काही होत नाही, बिनधास्त द्या.’ दीड महिन्याच्या बाळाला पेंटाव्हॅलंटची सुई दिली की रात्री ताप येऊ शकतो, मांडी सुजू शकते. बाळ रडतं, दादी सुनेवर चिडते, ‘अच्छाभला बच्चा था!’ मग पुढची सुई राहते ती राहतेच. तेच आधी सांगा: रात्री ताप येईल, केंद्रातून दिलेलं औषध सांगितलं तेवढंच द्या, एक-दोन दिवसांत उतरेल, नाही उतरला तर लगेच या. मग ताप आला तरी घर घाबरत नाही. गोवर-रुबेलाच्या लसीचा ताप तर आठवडाभराने येतो. तो सांगून ठेवला नाही, तर आई भलत्याच शंका घेत बसते.

दुसरा प्रश्न हळू आवाजात येतो. ‘हराम तो नहीं ना?’ यावर हसणारे आणि चिडणारे, दोन्ही आम्ही पाहिले आहेत. पण हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. 2018 मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवर-रुबेला लसीवर फतवा दिला. ती बनवताना डुकरापासून मिळणारा घटक वापरला जातो, हे त्यांनी लपवलं नाही. तरीही रोगाचा धोका मोठा आणि दुसरी लस हाताशी नाही, म्हणून जरूरत मानून परवानगी दिली. विचारणाऱ्याला हे जसंच्या तसं सांगावं, आणि खुशाल आपल्या मौलानांनाही विचारा म्हणावं.

2021 मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले होते की मुस्लिमबहुल भागांत करोनाच्या लसीसाठी सलमान खानची मदत घेऊ. हेतू चांगलाच असेल. पण सलमान काही रात्री तापाने फणफणलेलं बाळ बघायला येत नाही, गल्लीतली खाला येते. तिला नीट माहिती असलेली बरी.

कांदा काढणीच्या दिवसांत आई भल्या सकाळीच शेतावर जाते. ‘लस का नाही दिली?’ विचारलं की ती गप्प होते. ‘कोणत्या वेळेला जमेल?’ विचारलं की वेळ सांगते. नववा महिना उलटल्यावरचा पहिला किंवा 16 ते 24 महिन्यांतला दुसरा डोस राहून गेला असेल, तरी पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात तो मिळतो, हेही तिला त्याच वेळी सांगून टाकावं.