बंड्याच्या पिसवा आणि आजीचा कडुलिंब

पावसाळा लागला की आमच्या बेळगावात कपडे वाळत नाहीत आणि कुत्री-मांजरं खाजवत बसतात. दोन्हींचं कारण एकच, हवेतला दमटपणा. पिसवेच्या अळीला कोरडी हवा आणि ऊन सोसत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे दोन्हीची टंचाई असते, त्यामुळे त्यांची चंगळ.

आमच्या घरात बंड्या नावाचा गावठी कुत्रा आहे, मनी नावाची मांजर आहे, ऐंशी पार केलेली आजी आहे आणि नुकती रांगायला लागलेली माझी मुलगी आहे. ती दिवसभर फरशीवर असते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. म्हणून ‘घरभर औषध फवारून टाका’ हा शेजारच्या काकांचा सल्ला आम्ही नम्रपणे बाजूला ठेवला. पण नुसतं दुर्लक्ष करणंही परवडणारं नव्हतं. पिसवेतून कुत्र्या-मांजराच्या पोटात एक चपटा कृमी जातो, त्याचे तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे शेपटीखाली दिसतात. लहान मुलाने चुकून पिसू गिळली तर तो मुलालाही होऊ शकतो.

मी दिवसभर प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो, त्यामुळे ‘हे नेमकं येतं कुठून’ हा प्रश्न आधी पडतो. पिसवांच्या बाबतीत उत्तर असं, की कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या एकूण संख्येचा लहानसा भाग. मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ती केसांना चिकटत नाहीत, घरंगळून सतरंजीत, सोफ्याच्या फटीत, कुत्र्याच्या गोणपाटात पडतात. अळी तिथेच वाढते, मोठ्या पिसवांची रक्ताळलेली विष्ठा खाते आणि कोश करते. कोशातली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते. पावलांची धमक, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर उडी. सुट्टीनंतर बंद घर उघडलं की पायाला अचानक चावे का बसतात, ते यावरून कळावं. म्हणजे नुसतं कुत्र्याला आंघोळ घालून भागत नाही, घर धुवावं लागतं.

घर धुण्याचे उपाय अगदी साधे आहेत आणि तेच सर्वांत जास्त कामाचे. बंड्याचं अंथरूण आठवड्याला कडक गरम पाण्यात धुतो आणि ऊन पडेल त्या दिवशी गच्चीवर टाकतो. व्हॅक्यूम क्लीनर रोज फिरवतो, विशेषतः पलंगाखाली, आणि त्यातला कचरा पिशवीत बांधून लगेच बाहेर टाकतो. बारीक दातांची फणी घेऊन मी रोज संध्याकाळी ओट्यावर बसतो, शेजारी साबणाच्या पाण्याचं भांडं. साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून निसटते, साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि ती बुडते. फणीत काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती माती नव्हे, पिसवांची विष्ठा.

आता आजीचा कडुलिंब. आजीचं माहेर खानापूर तालुक्यातलं. तिथे गुरांना करंजाचं आणि लिंबाचं तेल लावत, गोठ्यात निरगुडीचा धूर करत, आणि कोंबड्या मोकळ्या सोडत, त्या गोचिडी टिपून खात. तिने आल्या आल्या सांगितलं, ‘बंड्याला लिंबाचा पाला उकळून आंघोळ घाल.’ मी घालतो. पाल्याच्या पाण्याने त्याची खाज कमी होते आणि एक-दोन दिवस किडे दूर राहतात असं मला दिसलं. पण तेवढंच. लिंबाने किडे दूर पळतात, अंगावर आधीच चिकटलेली गोचीड त्याने सुटत नाही. आजीशी यावर माझे वाद होतात आणि ते अजून चालू आहेत.

‘नैसर्गिक’ या शब्दावर माझा राग आहे तो वेगळ्या कारणाने. इंटरनेटवर फिरणारे निम्मे नैसर्गिक उपाय जनावराच्या जिवावर बेतू शकतात. खोबरेल तेलात कापूर घालून चोळतात. जनावर ते चाटतं आणि कापूर पोटात गेला की झटके येऊ शकतात. टी ट्री तेल तसंच. लसूण खाऊ घालतात, त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. डांबरगोळ्या आणि रॉकेलचं तर नावच नको. मांजराचं प्रकरण आणखी नाजूक. तिचं यकृत बरीच रसायनं पचवू शकत नाही, म्हणून मनी झोपते तिथे आम्ही फिनेलने फरशी पुसणं थांबवलं आणि कडुलिंबाचं तेलही तिला लावत नाही. कुत्र्यांच्या काही पावडरी आणि थेंबांत परमेथ्रिन असतं. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलापासून मिळणाऱ्या द्रव्यावर ते बेतलेलं, म्हणून ऐकायला सौम्य वाटतं, पण मांजराला ते मारक आहे. डबा उलटून वाचा.

गोचीड हे प्रकरण पिसवेहून गंभीर. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड घरातच सगळं आयुष्य काढू शकते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली उतरते, भिंतीच्या फटीत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. मोठी गोचीड वर्षभरही उपाशी राहू शकते. जुन्या कौलारू घरांना आणि दगडी कुंपणांना फटी किती असतात ते आपल्याला ठाऊकच आहे. आम्ही त्या सिमेंटने बुजवल्या, अंगणातलं गवत कापलं, लाकडाचा ढीग हलवला.

एवढं करूनही गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये बंड्याने जेवण सोडलं. अंग तापलेलं, हिरड्या फिकट. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. गोचीडताप, प्लेटलेट खाली आलेल्या. वेळेत औषध मिळालं म्हणून महिनाभराच्या गोळ्यांवर तो उठला. डॉक्टरांनी तेव्हा समजावलं, की जंतू गोचीड चावल्यावर काही तासांतच अंगात जाऊ शकतात, म्हणून ‘बघू, लिंब लावू’ एवढा अवधी तिथे नसतो. तेव्हापासून पिसवांशी आम्ही साबण, फणी आणि उन्हाने लढतो, गोचिडींसाठी डॉक्टरांनी वजनाप्रमाणे दिलेली गोळी ठरल्या तारखेला देतो. आजीला हे पटायला दोन महिने लागले. आता तारीख तीच आठवण करून देते.

आपल्या भागातल्यांना एक आणखी सांगायचं. शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात 1957 साली सापडलेला माकडताप, कन्नडमध्ये ‘मंगन कायिले’, गोव्यात सत्तरीत 2015 साली आणि दोडामार्गात 2016 साली आढळला. तो जंगलातल्या वेगळ्या गोचिडीमुळे होतो, घरातल्या तपकिरी गोचिडीमुळे नव्हे. पण काजूच्या बागेत किंवा रानात कुत्र्याला घेऊन जात असाल तर परतल्यावर कुत्र्याबरोबर स्वतःचेही पाय, काखा, कानामागची जागा तपासा.

चिकटलेली गोचीड काढताना तिच्यावर तेल, रॉकेल ओतू नका, उदबत्तीचा चटका देऊ नका. टोकदार चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि न पिळता सरळ वर ओढा. बोटांनी चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. बंड्या या कामाला तयार होतो, फक्त त्याला समोर भाकरीचा तुकडा दिसायला हवा.