हजार रहस्यांचे धनी

सौंसरजवळच्या जामसांवलीला मारुतिराय आडवे पहुडले आहेत. त्यांच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या तोंडी आजही मराठी ऐकू येते. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. शाळा-कचेरीत हिंदी आणि घरात मराठी, हा संसार आम्हां इंदूरकरांनाही परका नाही. अशा घरांतल्या पोरांच्या हाती मराठी पुस्तक टिकावे कसे? ज्ञानेश्वरी हाती देऊन नव्हे, हे कोणीही वडीलधारा मान्य करील. तेथे बाबूराव अर्नाळकरच हवेत!

मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. वसईकडच्या अर्नाळ्यावरून त्यांनी टोपणनाव घेतले. मुंबईत चष्म्याचे दुकान आणि हाती अखंड लेखणी. गिनेस बुकाने १९३६ ते १९८४ या काळातील त्यांच्या १०९२ रहस्यकथांची नोंद घेतली. हिशेब मांडावा तर अठ्ठेचाळीस वर्षे महिन्याला जवळजवळ दोन पुस्तके! धनंजय आणि त्याचा छोटू, झुंजार आणि विजया, काळापहाड. ही मंडळी घरच्या माणसांसारखी ओळखीची झाली. पुस्तक असे आटोपशीर, की २०१५ पर्यंत सौंसरवरून धावणाऱ्या नागपूर-छिंदवाडा छोट्या गाडीच्या एका फेरीत संपावे.

कथाबीजे पुष्कळदा विलायती असत, हे खरे. पण उसन्या सांगाड्यावर त्यांनी मुंबईचे रस्ते आणि मराठी माणसे उभी केली. वाक्य लहान, शब्द सोपा, प्रकरण ऐन मोक्यावर तुटलेले. नुकते जोडाक्षर वाचू लागलेल्या मुलाला पान उलटल्यावाचून राहवू नये, ही कारागिरी सोपी नव्हे. समीक्षकांनी मात्र त्यांना ओसरीवरच बसवले. वाङ्मयेतिहासात उल्लेख आलाच तर तो खपाचा, भाषेचा क्वचित.

त्याची किंमत आता मोजावी लागते आहे. बाबूराव १९९६ साली गेले. निवडक कथा पुन्हा छापल्या गेल्या, पण हजारांच्या मानाने त्या मूठभर. स्वस्त कागदावरची ती पुस्तके हातोहात फिरून झिजली. जपण्याजोगा ऐवज म्हणून त्यांच्याकडे पाहिले कोणी? तेव्हा वाचकहो, माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याकडे देण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. तळाशी एखादा झुंजार असेल, तर जवळच्या मराठी ग्रंथालयाला तो हवा आहे का, एवढे विचारून या.