क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आहे, म्हणजे किडनी ठणठणीत आहे का?

जालना एमआयडीसी म्हटले की लोखंडी सळ्या आठवतात. भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या, रोलिंग मिल आणि त्यांच्या धगीत पाळी काढणारे कामगार. मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशीच्या वर असतो, तिथे भट्टीजवळ काय विचारावे! अशा कामगाराच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन 1.2 आले, समोर ‘नॉर्मल’ लिहिलेले असले, की किडनीचा विषय तिथेच संपतो. तो संपायला नको.

क्रिएटिनिन हा स्नायूंमध्ये रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. गाळणे मंदावले की रक्तातले प्रमाण वाढते. पण ते मुळात किती तयार होते, हे स्नायूंवर ठरते. म्हणून 1.2 हा एकच आकडा वेगवेगळ्या माणसांत वेगळे सांगतो. 2021 च्या सूत्राने हिशेब केला तर 25 वर्षांच्या तरुणात गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, सुमारे 86 येतो. 60 वर्षांच्या बाईत जेमतेम 52. शंभरच्या आसपास असलेली क्षमता जवळपास निम्मी होईपर्यंत काहींचे क्रिएटिनिन मर्यादेतच राहते.

उलटही घडते. पाळी संपवून, घामाघूम अवस्थेत रक्त दिले, तर शरीरातले पाणी कमी झाल्याने युरिया आणि क्रिएटिनिन दोन्ही तात्पुरते चढतात. आदल्या रात्रीचे मटणही क्रिएटिनिन वाढवू शकते. त्यामुळे एका वाढलेल्या आकड्यावरून घाबरण्यात अर्थ नाही. विश्रांती घेऊन, पाणी पिऊन तपासणी पुन्हा करावी लागते. बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला, तरच त्याला दीर्घकालीन आजार म्हणतात.

मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांत लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी बहुधा क्रिएटिनिनच्या आधी इशारा देते. ती स्वस्त आहे आणि तरी फारशी सांगितली जात नाही. मात्र मध्य अमेरिकेतील ऊसतोड मजुरांत आढळलेल्या, उष्णतेशी जोडल्या जाणाऱ्या किडनीविकारात लघवीतून प्रथिने फारशी जात नाहीत. म्हणजे भट्टीवरच्या माणसाला फक्त लघवीच्या तपासणीवरही विसंबता येत नाही. अंगदुखीसाठी रोज गोळी घेत असल्यास ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. अनेक वेदनाशामके किडनीला त्रास देतात, पाणी कमी पडलेल्या शरीरात तर जास्तच.

आणि जुने रिपोर्ट जपावेत. गावे आणि ठेकेदार बदलत राहणाऱ्या कामगाराला हे अवघड आहे, पण मोबाईलमध्ये फोटो तरी राहतो. 0.8 वरून 1.2 वर गेलेले क्रिएटिनिन दोन्ही वेळा ‘नॉर्मल’च छापले जाते, स्नायू तेवढेच असतील, तर मधल्या काळात गाळण्याचा वेग सुमारे एक तृतीयांशाने घटलेला असतो.