इंजिनाला थंड ठेवणारे रबरी चाक

पावसाळ्याच्या मासेमारी बंदीत वसईच्या किनाऱ्यावर, पाचूबंदरपासून अर्नाळ्यापर्यंत, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. या दिवसांत जाळी दुरुस्त होतात, फळ्यांना रंग लागतो. इंजिनाच्या कडेला असलेल्या पाण्याच्या पंपाकडे मात्र सहसा तो बिघडल्यावरच लक्ष जाते, आणि तो बिघडतो भर समुद्रात. म्हणूनच या छोट्या यंत्राची निगा कशी राखावी, हे पाहू या.

पंप काय करतो?

बोटीच्या तळाशी असलेल्या व्हॉल्व्हमधून समुद्राचे पाणी आत येते व गाळणीतून पंपात जाते. पंप ते इंजिन थंड करणाऱ्या नळ्यांतून फिरवितो आणि बहुतेक इंजिनांत ते शेवटी धुराबरोबर बाहेर पडते. अनेक लहान डिझेल इंजिनांच्या पंपात रबरी पात्यांचे एक चाक असते. त्याला इंपेलर म्हणतात. पंपाच्या घराला आतून एका बाजूस फुगवटा असतो. तेथे पाती वाकतात व पाणी पुढे ढकलले जाते. फुगवटा ओलांडून पाती सरळ होताना नवे पाणी खेचले जाते.

या पात्यांना वंगण मिळते ते पाण्याचेच. व्हॉल्व्ह बंद राहिला किंवा प्लास्टिकची पिशवी तळाशी अडकली, तर कोरडे रबर घर्षणाने तापते आणि थोड्याच वेळात पाती फाटतात. त्यानंतर हेडचे गॅस्केट जळू शकते, पिस्टन जखडू शकतो. बंद पडलेली होडी मग वारा व प्रवाह नेईल तिकडे जाते. किनाऱ्याजवळ खडक असतील, तर खलाशांच्या जिवावरच बेतते.

रोजची तपासणी

इंजिन सुरू करण्यापूर्वी व्हॉल्व्ह उघडा असल्याची खात्री करावी व गाळणी साफ करावी. सुरू केल्यावर धुराच्या नळीतून पाणी पडते आहे की नाही, हे वाकून पाहावे. पाणी कमी होऊन पांढरी वाफ वाढली, तर तापमापकाचा काटा चढण्याची वाट पाहू नये. इंजिन बंद करावे. आउटबोर्ड इंजिनाच्या मागे पाण्याची बारीक धार पडत असते. ती थांबली, तरी हाच नियम.

पंपाखालच्या लहान छिद्रातून पाणी ठिबकत असेल, तर आतील सील झिजले आहे असे समजावे. दुर्लक्ष केल्यास खारे पाणी बेअरिंगमध्ये आणि काही इंजिनांत ऑइलमध्येही शिरते. ऑइल दुधाळ दिसू लागले, तर इंजिन चालवू नये.

बंदीच्या काळातील काम

होडी वर ओढण्यापूर्वी इंजिनात गोडे पाणी फिरवावे, म्हणजे नळ्यांत मीठ साचत नाही. होडी वर आल्यावर पंपाचे कव्हर उघडून इंपेलर बाहेर काढावा. तो तसाच आत राहिला, तर वाकलेली पाती वाकडीच राहतात व पुढे पाणी नीट खेचत नाहीत. प्रत्येक पाते बोटाने वाकवून मुळाशी चीर आहे का ते पाहावे. चीर दिसली, तर चाक बदलावे. चीर नसली, तरी वर्षातून एकदा ते बदलणे हिताचे.

एखादे पाते तुटलेले आढळल्यास तुकडा शोधल्याशिवाय पंप बंद करू नये. तो पुढील नळीत अडकलेला असतो. तेथे राहिला, तर नवा इंपेलर बसवूनही इंजिन तापते. कव्हरच्या आतील बाजूस खोल चरे पडले असतील, तर तेही बदलावे.

नवे चाक बसविताना ग्लिसरीन किंवा भांडी घासण्याचा पातळ साबण लावावा. साधे ग्रीस लावू नये. खनिज तेलाने रबर खराब होऊ शकते. पाती फिरण्याच्या उलट दिशेला झुकलेली हवीत. गॅस्केट नवे घालावे आणि पंप पट्ट्यावर चालत असेल, तर पट्ट्याचा ताणही पाहावा.

एक जादा इंपेलर, गॅस्केट आणि कव्हर उघडण्याचा पाना होडीतील डब्यात कायम असावा. हे चाक बदलण्याचा सराव तांडेलाप्रमाणेच एखाद्या तरुण खलाशालाही किनाऱ्यावर असतानाच द्यावा. हेलकावणाऱ्या होडीत, गरम इंजिनाजवळ, अंधारात हे काम प्रथमच करण्याची वेळ कोणावरही येऊ नये.