डिशच्या उरलेल्या वायरीचा उपयोग

बाळकुम नाक्याच्या आसपास नव्या इमारती उठू लागल्यापासून एका वस्तूचा येथे कधी तुटवडा पडलेला नाही. ती म्हणजे डिशची उरलेली वायर. छत्री बसवणारा मुलगा लागते त्याहून चार हात जास्तच आणतो आणि काम झाले की वेटोळे जिन्यात टाकून जातो. पुढे भंगारवालाही ते नाखुशीनेच उचलतो.

सीडी प्लेअर ॲम्प्लिफायरला जोडायला मला दीड मीटर तार हवी होती. एका दुकानदाराने मखमली पेटीतली केबल पुढे केली. "काका, हिने गळा आणखी गोड लागतो!" किंमत ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी मला हात धरून दुकानाबाहेर काढले.

आता यातली गोम पाहा. या वाटेने सीडीतून निघतो तो सूर नव्हे, आकडे. डाव्या आणि उजव्या बाजूचे प्रत्येकी सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना ३२ बिटांच्या चौकटीत. म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लाख बिट. १९८२ साली बाजारात आलेली सीडी ज्यांनी घडवली, त्या सोनी आणि फिलिप्स यांच्याच नावाने ही रीत चालते. आकडे शाबूत पोचले की तार त्यात साखर घालू शकत नाही. फार तिखट कानांचे लोक म्हणतात की आकड्यांची वेळ किंचित मागेपुढे होते. होते खरी, पण तारेपुरता तिचा बंदोबस्त तारेच्या जातीने होतो, मखमलीने नव्हे.

जात म्हणजे ७५ ओहम. मधोमध एक तार, भोवती पांढरा फेस, त्यावर वर्ख आणि जाळी, वरून काळे वेष्टन. कोॲक्सियल केबल म्हणतात ती हीच. ऑलिव्हर हेविसाइडने इंग्लंडात १८८० साली अशा रचनेचे पेटंट घेतले होते. तारेची जाडी, जाळीचा व्यास आणि मधला फेस यांवरून हा आकडा ठरतो. यंत्रांचा आणि तारेचा आकडा जुळला की विजेचे स्पंद सुखाने पार होतात; न जुळला की भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखे काही मागे फिरतात आणि पुढच्यांत घोळ घालतात. डिशच्या वायरीलाही हेच ७५ लागतात. वेष्टनावर बहुधा 'आरजी ६' छापलेले असते. सेकंदाला शंभर-दोनशे कोटी कंपनांचा संदेश जी गच्चीवरून घरात आणते, तिला हे काम म्हणजे शेजारी वाटी पोचवण्याइतके.

करताना अडते ते डाख देताना. जाळी ॲल्युमिनियमची असते आणि साधा डाख तिला धरत नाही. उपाय डिशवाल्याच्या पिशवीतच असतो: दाबून किंवा फिरवून बसणारी एफ पिन. टोक धारदार पात्याने सोला, पण मधल्या तारेवरचा तांब्याचा मुलामा खरवडू नका. आत बहुधा पोलाद असते, आणि इतक्या जलद कंपनांची वीज वरच्या कातडीतूनच वाहते. जाळी मागे दुमडा, पिन बसवा, तिच्यावर एफची आरसीए करणारी जोडणी चढवा. लॅमिंग्टन रोडवर ती मिळते. दोन्ही टोकांचा मिळून खर्च चहा-फराळाएवढा. मग मल्टिमीटर लावा. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत मार्ग हवा. मधली तार आणि जाळी यांच्यात मात्र मुळीच नको. जाळीचा एक केस आत शिरला तरी सगळे गप्प!

छत्रीला अजून जोडलेल्या वायरीला हात लावू नका. तिच्यातून सेटटॉप बॉक्स छत्रीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवत असतो, आणि आपल्या संदेशाचा जोर अवघा अर्धा व्होल्ट. स्पीकरकडेही ही वायर नेऊ नये. तेथे आकडे नव्हेत, जोराचा प्रवाह जातो. त्याला जाड तांबेच लागते.