घरात फोन एकच. त्यावरच पोरांची पुस्तकं अन् बापाची बँक

बियाणे, खते आणि पीककर्जाची धावपळ ज्या दिवसांत असते, नेमक्या त्याच दिवसांत शाळा-कॉलेजही सुरू होते. साखरखेर्डा भागात वावरात फिरताना सोयाबीनच्या वाणाबरोबरच आताशा आणखी एक प्रश्न कानावर येतो. "साहेब, पोरगी म्हणते शिक्षण मोबाईलवर आहे. दर महिन्याचा रिचार्ज, वरून पुस्तकांच्या पीडीएफचे वेगळे पैसे. हे लागतंच का?" हा प्रश्न कृषी खात्याचा नाही हे खरे. पण ज्या फोनवर पोरगी शिकते, त्याच फोनवर तुमच्या पीएम-किसानचा, महाडीबीटीचा आणि बँकेचा ओटीपी येतो. तेव्हा हा प्रश्न शेताचाही आहेच.

आधी खर्चाचे बघू. ऑनलाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला लागणारे बहुतेक साहित्य सरकारी पातळीवर मोफतच आहे. पहिली ते बारावीची बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मिळतात, एक रुपया लागत नाही. पुस्तकात जागोजागी जो चौकोनी क्यूआर कोड छापलेला दिसतो, तो २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी मंचावरील धड्यांचा रस्ता आहे. पाठ्यपुस्तकाला असा कोड जोडण्याची कल्पना सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुढे आणली. त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे तुम्ही वाचले असेलच.

कॉलेजचे म्हणाल तर, घरची शेती सांभाळून बी.ए., बी.कॉम. करणारी आपली पोरं-पोरी बहुधा यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाकडे जातात. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे ब्रीदच ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असे आहे. बुलडाणा जिल्हा त्याच्या अमरावती विभागीय केंद्राखाली येतो. विद्यापीठाची स्वयंअध्ययनाची पुस्तके छापील असतात, तशी ई-पुस्तकेही त्याच्या संकेतस्थळावर ठेवलेली आहेत. दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने आपल्या पुस्तिका ‘ई-ज्ञानकोश’वर सर्वांना खुल्या केल्या. ‘स्वयम्’वरचे अभ्यासक्रम शिकायला मोफत आहेत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर शुल्क पडते. मराठी विश्वकोशाचे सगळे खंड ऑनलाइन वाचता येतात. एवढेच काय, आपल्या साखरखेर्ड्यात १७२४ साली निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांची जी मोठी लढाई झाली, त्यावर प्रकल्प लिहायचा म्हटला तर शासनाचे जुने जिल्हा गॅझेटिअरही ऑनलाइन सापडते. हे सारे फुकट असताना कुणी ‘संपूर्ण पीडीएफ संच, फक्त १९९ रुपये’ म्हणून मेसेज पाठवला, तर तो आपल्याच विहिरीचे पाणी आपल्याला विकतो आहे असे समजा.

मग पैसा जातो कुठे? तो जातो व्हिडीओत. जुलै २०२४ मध्ये मोबाईल कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा जिओचा २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा पॅक २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. पुस्तकाची एक फाईल साधारण दहा ते तीस एमबीची असते. तासाभराचा व्हिडीओ मध्यम दर्जावर पाहिला तरी चार-पाचशे एमबी सहज उडतात. म्हणजे एका तासाच्या व्हिडीओत जेवढा डेटा जळतो, तेवढ्यात अख्ख्या वर्षाची पुस्तके उतरवून होतात. ती पुस्तके पुन्हा उघडायला नेट लागतच नाही. पोरं मात्र तेच पुस्तक दर वेळी ऑनलाइन उघडतात, तोच व्हिडीओ चार वेळा चालवतात. ठिबक असताना पाटाने पाणी सोडण्यातला हा प्रकार. ‘दीक्षा’ ॲपवरचा धडाही एकदा उतरवून ठेवला की बिगर नेटचा चालतो आणि दुसऱ्या फोनला देताही येतो. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे.

कोरोनाच्या काळात २०२० मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २० जुलैपासून ‘टिलीमिली’ ही पाठांची मालिका सुरू झाली होती. ज्या घरी स्मार्टफोन नव्हता, पण टीव्ही होता, तिथेही ती पोहोचत होती. आपल्याकडे अजूनही असाच एकाकडून अनेकांकडे जाणारा मार्ग हवा. सगळ्यांना टॅब वाटण्याच्या घोषणांवर माझा फारसा भरवसा नाही. टॅब दोन वर्षांत बिघडतो, दुरुस्तीला तालुक्याला नेणार कोण?

गावात एकदा आणा, सर्वांना द्या

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) आणि मुख्याध्यापक मंडळींना माझे सांगणे असे. प्रत्येक घराने वेगवेगळा डेटा जाळण्यापेक्षा गावात एका ठिकाणी ही पुस्तके एकदाच उतरवून ठेवावीत. ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा संगणक चालेल. गावात सार्वजनिक वाचनालय असेल, मग ते ‘ड’ वर्गाचे का असेना, तर सर्वांत उत्तम. पहिली ते बारावीची मराठी माध्यमाची पुस्तके, मुक्त विद्यापीठाची गावात चालणाऱ्या अभ्यासक्रमांची पुस्तके, असे सगळे मिळून ६४ जीबीच्या एका पेनड्राईव्हमध्ये आरामात मावते. विद्यार्थ्याने फोन घेऊन यावे, केबल लावून आपल्या वर्गाची पुस्तके न्यावीत. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून एवढा खर्च कुणाला खुपणार नाही.

संच करताना दोन गोष्टी पाळा. खाजगी प्रकाशनांची गाईड त्यात घालू नका. ती कुणाची तरी कमाई आहे, आणि ग्रामपंचायतीने चोरीचा माल वाटू नये. दुसरे, दरवर्षी जूनमध्ये संच नव्याने उतरवा. अभ्यासक्रम बदलतो, मग पोरगं जुन्या पुस्तकावर परीक्षेला बसतं. साध्या प्रिंटरची सोय झाली तर अवघड धडे छापूनही द्यावेत. पाच-सहा इंचांच्या पडद्यावर दीडशे पानांचे अर्थशास्त्र वाचणे म्हणजे डोळ्यांची शिक्षा आहे. त्यात लाईन गेली, चार्जिंग संपली की अभ्यासही संपला.

टॅग पाहिल्याशिवाय बियाणे घेता का?

आता सुरक्षेचे. बियाण्याची पिशवी घेताना तुम्ही टॅग पाहता, लॉट नंबर पाहता, पक्की पावती मागता. फोनवर आलेल्या लिंकला मात्र कुणी विचारत नाही, तू कुठल्या गावची? गेल्या काही वर्षांत व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाच्या बनावट एपीके फायली फिरल्या. त्या फोनमध्ये बसवल्या की तुमचे मेसेज, पर्यायाने ओटीपी, दुसऱ्याच्या हातात जातात. हीच फाईल उद्या ‘बारावी नोट्स’ किंवा ‘शिष्यवृत्ती यादी’ या नावाने येऊ शकते. पोराला वाटते पुस्तक उतरवतो आहोत, इकडे बापाच्या खात्यातले कापसाचे पैसे जातात. पोराला रागावून उपयोग नाही, त्याला फाईलचे शेपूट वाचायला शिकवा. पुस्तकाच्या फाईलच्या शेवटी ‘पीडीएफ’ असते. शेवटी ‘एपीके’ असेल तर ते पुस्तक नव्हे, फोनमध्ये शिरणारे ॲप आहे. ते उघडायचे नाही, पुढे तर मुळीच पाठवायचे नाही.

सरकारी शिक्का आहे म्हणून डोळे मिटावेत असेही नाही. ‘दीक्षा’च्याच बाबतीत, एका उघड्या राहिलेल्या सर्व्हरवर दहा लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची माहिती दिसत होती, हे जानेवारी २०२३ मध्ये बाहेर आले. शिक्षकांची तर नावे, फोन नंबर, ई-मेल सगळेच. तेव्हा नियम साधा ठेवा. जे साहित्य नाव-नंबर न देता मिळते, ते तसेच घ्या. ‘दीक्षा’वरचे धडे पाहुणा म्हणून, नोंदणी न करताही पाहता येतात. ई-बालभारतीचे पुस्तक उतरवायला आधार कार्ड लागत नाही. एखादे ॲप पुस्तकासाठी आधार, पासबुकचा फोटो, नाहीतर संपर्क यादीची परवानगी मागत असेल, तर त्याला पुस्तकाशी देणेघेणे नाही.

मुक्त विद्यापीठाचा प्रवेश किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज असेल तर माहिती द्यावीच लागते. तिथे फॉर्म भरून देणाऱ्याच्या वहीत आपला पासवर्ड लिहून येण्याची सवय मोडा. काम झाले की घरी येऊन पासवर्ड बदला. गावातल्या संगणकावर कुणी लॉगिन केले तर उठताना बाहेर पडल्याची खात्री करावी, आणि पेनड्राईव्ह लावण्याआधी तो व्हायरससाठी तपासावा. हे काम पाहायला एक माणूस नेमलेला हवा. शिक्षित तरुण-तरुणी गावात आहेत, वेळ ठरवून दिली की करतात.

शक्य असेल त्या घरांनी बँकेचा नंबर साध्या बटणाच्या फोनवर ठेवावा आणि पोरांचे शिक्षण दुसऱ्या फोनवर. दोन फोन परवडत नसतील तर निदान बँकेचे ॲप कुलूपबंद ठेवावे आणि त्याचा पिन पोरांच्या वाढदिवसाचा नसावा. एवढे करूनही पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन लावा आणि बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते. मग साखरखेर्डा पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. जाताना आलेला मेसेज पुसून टाकू नका, तोच तुमचा पुरावा असतो.